मोगरा चालतो, कुंती नाही

  बसमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, स्वयंपाक करत असाल तर गॅसकडे लक्ष ठेवा. नेहमी मी इथं इंटरव्ह्यू, नोकऱ्या, व्हिसा असल्या विषयांवर बडबडते. आज फुलांवर बोलणार आहे. हो, फुलांवर. आणि थोडं आईवर.

झालं असं की मागच्या आठवड्यात ऑफिसमधली एक मैत्रीण हवाईला निघाली. म्हणजे हवाई बेटांवर, विमानवाली हवाई नाही. ती म्हणाली, "अगं, तिथून येताना ताजी फुलं आणता येतात का? का एअरपोर्टवर काढून घेतात?" मी म्हटलं, येतात. मग म्हटलं, सगळी नाही. आणि मग तासभर बोलतच राहिले. शेवटी ती म्हणाली, "हे तू रेकॉर्डच का करत नाहीस?" तर घ्या, केलं.

आधी थोडं बॅकग्राउंड. मी मूळची अमरावती जिल्ह्यातली. नागपूरला बीटेक केलं, मग इकडे कॅलिफोर्नियात एमएस आणि नोकरी. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. व्हिसाच्या भानगडीत मला त्यांच्या शेवटच्या दिवसांत जाता आलं नव्हतं. तो विषय आज नको. आई पहिल्यांदाच माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आली आणि मी ठरवलं, हिला कुठंतरी हिरव्या जागी न्यायचं. सनीवेलच्या अपार्टमेंटमध्ये बसून ती रोज पार्किंग लॉट बघायची हो.

आई आली तेव्हाच फुला-पानांचं पहिलं नाट्य झालं होतं. सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ एक बीगल कुत्रं फिरत असतं, छोटा कोट घातलेलं. ते आईच्या पिशवीपाशी येऊन शांतपणे खाली बसलं. पिशवीत होता घरच्या झाडाचा ताजा कढीपत्ता, ओल्या फडक्यात बांधलेला. गेला तो. आई महिनाभर चिडलेली. "काऊन, कढीपत्त्यात काय बॉम्ब ठेवते का कोनी?" मला तेव्हा कारण माहीत नव्हतं. मी आपलं म्हटलं, नियम आहे. कढीपत्ता लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

तर एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघी बिग आयलंडला गेलो. कोनाला उतरलो, गाडी घेतली, आणि बेट आडवं ओलांडून हिलोला गेलो. कोना म्हणजे कोरडा काळा लाव्हा. दोन तासांत हिलो येतं आणि सगळं बदलतं. पाऊस, शेवाळ, नेचे, भिंतींवरसुद्धा हिरवळ. आई गाडीतून म्हणाली, "हे तर कोकणात आल्यासारखं झालं."

राहायला एका आजींच्या घरी खोली घेतली होती. तिथं वयानं मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात, नातं असो नसो. अगदी आपल्या काकू-मावशीसारखं. तर आपणही आंटीच म्हणू. ऐंशीच्या घरातल्या, जपानी वंशाच्या, घराच्या मागे जाळीच्या सावलीत अँथुरियमचे वाफे.

अँथुरियम तुम्ही पाहिलेलं असतं, नाव माहीत नसतं. लाल, चकचकीत, बदामाच्या आकाराचं, मधून एक दांडा बाहेर आलेला. लग्नाच्या स्टेजवर असतं ना, प्लास्टिकचं वाटतं ते. गंमत म्हणजे तो लाल बदाम फूल नाहीच. ते एक रूपांतरित पान आहे. खरी फुलं त्या दांड्यावर, बारीक बारीक. हे झाड हवाईचंही नाही. १८८९ मध्ये एस. एम. डेमन नावाच्या गृहस्थानं ते लंडनहून हवाईला आणलं, आणि पुढं हिलोच्या आसपास त्याची शेतीच उभी राहिली. १९८०च्या दशकात त्यावर जिवाणूंचा करपा आला आणि कित्येक लहान शेतकरी त्यात बसले. आंटींच्या नवऱ्याचाही मळा होता, तो तेव्हाच गेला. आता उरलेत ते घरामागचे वाफे.

खरं सांगू, आईसाठी हवाई म्हणजे ज्वालामुखी नव्हताच. ज्वालामुखी बघून म्हणाली, "धूर निघून राह्यला फक्त." तिला वेड लावलं ते हिलोच्या बाजारानं. बुधवारी आणि शनिवारी मोठा भरतो. तिथं ती एकेका टोपलीपुढं थांबून ओरडायची. "हा तर मोगरा!" मोगराच तो. तिथं त्याला पिकाके म्हणतात. पिकाके म्हणजे खरं तर मोर. राजकन्या काइउलानी हिला मोरही आवडायचे आणि मोगराही, म्हणून मोगऱ्याला मोराचं नाव पडलं. पुढं सोनटक्का दिसला, जो तिथल्या जंगलात इतका माजलाय की लोक तो उपटत फिरतात. निशिगंध होता. देवचाफा तर रस्त्यारस्त्यावर, आणि तोही तिथला नाही, मध्य अमेरिकेकडचा. आपल्याकडेही तो पाहुणाच आहे बरं का, फक्त आपण त्याला थेट देवळात बसवलं.

आणि एका टोपलीत रुई. खरंच, रुईच्या फुलांचा हार! आई हसत सुटली. "अगं हे तर मारुतीचं!" आपण शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, आणि तिथं तेच फूल हवाईची शेवटची राणी लिलीउओकलानी हिचं आवडतं होतं. मी आईला फोनवर राणीचा फोटो दाखवला. आईनं नीट निरखला आणि म्हणाली, "करारी दिसते."

आता १ मे. आपला महाराष्ट्र दिन. तिथं त्या दिवशी लेई डे असतो, १९२८ पासून. लेई म्हणजे फुलांचा हार, पण हार म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही ती. येणाऱ्याला, जाणाऱ्याला, पास झालेल्याला, गेलेल्याच्या फोटोला, सगळ्यांना लेई. सकाळी आंटींनी मोगऱ्याची लेई केली होती, तीन पदरी. माझ्या गळ्यात एक घातली. मग आईकडं वळल्या.

आई मागं सरकली. एक पाऊल, जास्त नाही. हात वर केला आणि मराठीतच म्हणाली, "मला नको. मी नाही घालत."

मंडळी, इथं मला थांबून सांगायला पाहिजे. बाबा गेल्यापासून आईनं केसात फूल माळलेलं नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं. आमच्या घरी कोणी म्हणतही नाही असं तोंडावर. २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड गावानं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तेव्हा मी ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली होती. बाबा होते तेव्हा. सगळ्यांनी अंगठे दिले, आईनंसुद्धा. आणि दोन वर्षांनी हळदीकुंकवाच्या दिवशी तीच आई मैत्रिणीच्या घरी न जाता डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिली. म्हणजे ठराव, बातमी, अंगठे, सगळं एकीकडे. आणि हे असं एकीकडे.

मी आंटींना कसंबसं समजावलं. की आमच्याकडे नवरा गेल्यावर बायका फुलं वापरत नाहीत, म्हणजे काही जणी, म्हणजे पूर्वी, म्हणजे... माझं इंग्रजीच अडखळायला लागलं. आंटींनी ऐकलं, आणि आत जाऊन नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. त्यालाही लेई. मग स्वतःच्या कानामागचं फूल दाखवून म्हणाल्या, इथं लग्न झालेली बाई डाव्या कानामागं फूल लावते, न झालेली उजव्या. मी आईला भाषांतर करून सांगितलं.

आईनं विचारलं, "अन् नवरा गेलेलीनं?"

आंटी म्हणाल्या, तिला वाटेल तिथं.

आईनं ती लेई गळ्यात नाही घातली. पण हातात घेतली, मनगटाला दोन वेढे दिले, आणि दिवसभर तशीच फिरली. तिथं रीत अशी की देणाऱ्यासमोर लेई काढून ठेवायची नाही, आणि वाळली तरी कचऱ्यात टाकायची नाही, झाडाला किंवा मातीला परत द्यायची. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे निर्माल्य." एका शब्दात विषय संपला.

आता या गोष्टीचा खरा प्रॉब्लेम. आंटींच्या कुंपणाला कुंती होती. आमच्या घरीही दारात कुंती आहे. बाबा संध्याकाळी तिच्याखाली खुर्ची टाकून बसायचे, पेपर वाचत, उजेड जाईपर्यंत. तर निघायच्या आदल्या रात्री मी झोपल्यावर आईनं मागच्या केळीचं सोपट काढलं, त्यानं मोगरा आणि कुंती गुंफून एक हार केला, कुंतीची हिरवी पानं मधेमधे घालून. ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्यात, डबा हँडबॅगेत. मला पत्ता नाही. आंटींना पत्ता नाही. त्यांना कळलं असतं तर त्यांनीच थांबवलं असतं.

आंटींनी दिलेली अँथुरियम आणि हेलिकोनिया मात्र रीतसर खोक्यात होती. दांडे ओल्या कागदात, फुलांमध्ये कातरलेला कागद, आणि माती अजिबात नाही.

हवाईहून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर येताना विमानतळावर कृषी खात्याची तपासणी असते. चेक-इनच्या आधी सगळं सामान त्यांच्या स्कॅनरमधून जातं, पास झालं की स्टिकर लागतो. हँडबॅग पुढं परत बघतात. बहुतेक ताजी फुलं चालतात हो. अँथुरियम, ऑर्किड, हेलिकोनिया, चाफ्याचे हार, मोगरा, सगळं चालतं, फक्त किडे नसले पाहिजेत. जेड वेल आणि मौना लोआ नावाच्या वेलीची फुलं चालत नाहीत. आणि लिंबू-संत्र्याच्या कुळातलं काहीही चालत नाही, फूल नाही, पान नाही. यादी बदलत असते, निघायच्या आधी त्यांच्या साईटवर बघून घ्या.

खोकं पास झालं. हँडबॅग थांबली. डबा उघडला गेला आणि तो वास आला. मला एकदम घराचं दार दिसलं. मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांच्या फोटोला. सोमवारी तिथी आहे ना."

तपासणी करणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. तिनं एक पान उचललं, चुरडलं, वास घेतला आणि म्हणाली, हे जाऊ शकत नाही. मी म्हटलं, का? आणि तिनं सांगितलं ते ऐकून मला कढीपत्ता आठवला.

कुंती, कढीपत्ता, लिंबू, संत्रं, हे सगळे एकाच कुळातले. यांच्यावर एक बारीकसा कीटक बसतो, सिट्रस सायला. तीन-चार मिलिमीटरचा. कोवळ्या पालवीवर अंडी घालतो. नुसता बसला तर फार बिघडत नाही, पण त्याच्या तोंडून एक जिवाणू झाडात जातो आणि झाडाला ग्रीनिंग होतो. पानं वेडीवाकडी पिवळी पडतात, फळ लहान, तिरपं, कडू. त्याला औषध नाही. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथलं संत्र्याचं उत्पादन पुढच्या वीस वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं. कॅलिफोर्नियात कीटक २००८ मध्ये आला, रोगट झाड पहिल्यांदा २०१२ मध्ये मिळालं. तेव्हापासून ते लोक जिवाच्या आकांतानं तो पसरू नये म्हणून धडपडतायत. आणि आम्ही चाललो होतो थेट तिकडंच.

आई तोवर पेटली होती. "सांग तिला, घरच्या कुंपनाची आहे. धुवून घेतली म्हनून सांग." मागं रांग. विमानाला पाऊण तास.

मी म्हटलं, "आई, संत्र्याची कीड. नवतीवर बसते ती. मामाच्या बागेतली."

आई गप्प झाली.

मामाची बाग वरुडकडं. तुमच्यातले जे तिकडचे असतील त्यांना काही सांगायला नको. आंबिया बहार, मृग बहार, आमच्या घरात सण कमी आणि बहार जास्त मोजले जायचे. मी बारावीत असताना मामाची झाडं पिवळी पडायला लागली. आधी सगळे डिंक्याच म्हणत होते. मग तपासायला लोक आले, पानं बघून त्यांनी ग्रीनिंगचं नाव घेतलं. मामानं सव्वाशे झाडं मुळासकट काढून जाळली. आई तेव्हा माहेरी गेली होती. तिनं ते जळताना बघितलंय. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीचे पैसे त्या बागेतून येणार होते, ते मग बाबांनी सोसायटीतून काढले. हे मला खूप नंतर कळलं.

आईनं डबा स्वतःकडं ओढला. मला वाटलं, आता हिसकावते की काय. तिनं त्या मुलीला हातानंच खूण केली, थांब. बाजूच्या बाकावर बसली, हार मांडीवर घेतला, आणि सोपटाच्या गाठी सोडत एकेक कुंती काढायला लागली. फूल, पान, देठ, तुटकी पाकळीसुद्धा. सगळं त्यांच्या ट्रेमध्ये. मोगरा नॅपकिनवर वेगळा. त्या मुलीला मराठी येत नव्हतं, पण तिला कळलं. तिनं पुढच्या माणसाला दुसऱ्या टेबलावर पाठवलं.

दहा मिनिटं लागली असतील. मी घड्याळ बघत होते, आईनं एकदाही बघितलं नाही. शेवटी तिनं सोपट झटकलं, ट्रेकडं बोट दाखवून मला म्हणाली, "विचार तिला, याचं काय करतात?" मुलगी म्हणाली, नष्ट करतो. आई म्हणाली, "जाळते का?" मी पुढं विचारलं नाही. हो म्हटलं. खरं-खोटं मला माहीत नव्हतं, पण आईला तेच ऐकायचं होतं. तिनं मान हलवली.

मोगरा भिंगाखाली बघून त्यांनी परत दिला. विमानात बसल्यावर आईनं तो पुन्हा गुंफला. खूप छोटा झाला होता. फोटोला पुरला नसता.

विमानातच मी तिला कढीपत्त्याचंही सांगितलं, की तोही याच भानगडीत गेला. ती म्हणाली, "मग त्या दिवशी सांगायचं ना. उगाच कुत्र्याला शिव्या दिल्या मी."

हवाईचे लोक या बाबतीत आपापसांतही कडक आहेत. त्यांचं ओहिआ नावाचं झाड आहे, लाल झुबकेदार लेहुआ फुलांचं. २०१४ मध्ये कळलं की एक बुरशी ही झाडं पटापट मारतेय. तेव्हापासून बिग आयलंडवरून ओहिआ दुसऱ्या बेटावर न्यायचं तर परवाना लागतो. जंगलातल्या वाटांवर बूट घासायला ब्रश ठेवलेत. आणि रात्री हिलोत जो कर्कश "को-की, को-की" आवाज येतो ना, तो बेडूक रोपांच्या कुंड्यांतूनच तिथं आला. आम्ही तीन रात्री नीट झोपलो नाही त्याच्यामुळं. कोड प्रॉडक्शनला टाकण्याआधी टेस्ट का करतात, हे ज्यांना कळतं त्यांना हे जास्त समजावायला नको.

घरी आल्यावरचं जरा कामाचं सांगते, कारण इथं मी माती खाल्ली. ही फुलं उष्ण प्रदेशातली. यांना फ्रिज चालत नाही. साधारण बारा-तेरा डिग्रीच्या खाली गेली की बिघडतात. मी हेलिकोनिया थेट फ्रिजमध्ये ठेवली, म्हटलं टिकेल. दुसऱ्या दिवशी काळी. अँथुरियम आईच्या ताब्यात होती म्हणून वाचली. तिनं दांड्याचं टोक तिरकं कापलं, फुलं तासभर पाण्यात आडवी बुडवली, मग बरणीत उभी केली, दोन दिवसांनी पाणी बदललं. तीन आठवडे टिकली. चाफ्याची मात्र आशा ठेवू नका, एक-दोन दिवस, बस.

भारतात न्यायचं असेल तर नियम वेगळे आहेत, ते वेगळे बघा. आणि कुठल्याही देशात फॉर्मवर "झाडं, फुलं, बिया आहेत का" असं विचारलं की हो लिहा. हो लिहिणाऱ्याचं फक्त सामान बघतात.

सोमवारी तिथीला बाबांच्या फोटोला लाल अँथुरियम होतं. बाबांनी ते जन्मात पाहिलं नसेल. आई म्हणाली, "प्लास्टिकचं वाटते नाही?" मी म्हटलं, हो. मोगऱ्याचा तो छोटा गजरा फोटोजवळ नव्हता. मला वाटलं वाळला असेल. नैवेद्याचं ताट उचलताना आई वाकली तेव्हा दिसला. केसात नव्हता, मनगटाला होता. डाव्या.

मी काही बोलले नाही. ताट घेतलं.

तो वाळल्यावर तिनं गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत टाकला. नंतर एका रविवारी इंडियन स्टोअरच्या फ्रिजपुढं उभी राहून तिनं मला विचारलं, हा गजरा कितीला. मी सांगितलं. म्हणाली, "काहीच्या काही भाव आहे," आणि भेंडीकडं वळली. मग परत आली, पुडा उलटापालटा करून बघितला, म्हणाली, "शिळा वाटते." ठेवला. आता ऑगस्टपासून ती वरुडला आहे. काल व्हिडिओ कॉलवर मामाच्या नव्या लावणीतली नवती दाखवत होती, पान उलटं करून, कॅमेऱ्याच्या इतकं जवळ की सगळं नुसतं हिरवं दिसत होतं. "पाय," म्हणाली, "एकही नाही."

चला, मैत्रिणीला ही लिंक पाठवते. भेटू पुढच्या भागात.